चढावर मागून लागलेला हात

बाई,

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं. साठाच्या वर वर्षं मी उलटंच धरून बसलो होतो. तुम्ही मागे वळून पाहिलं नाही, म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत. त्या समजुतीवर मी शिकलो, लग्न केलं, मुलं मोठी केली, तुमच्यासारखाच मराठी शिकवून निवृत्त झालो, आणि आता वडशाच्या घरात दुपारभर खाटेवर पडून पंखा फिरताना पाहतो. थकवा आला आहे बाई. गुडघे सोडले तर दुखत काही नाही, पण सकाळी चपला पायात सरकवतानाच दिवस संपल्यासारखा वाटतो. या वयात इतकी जुनी गोष्ट नव्यानं कळू नये. कळली तर ती कोणाला सांगावी, तेही सुचत नाही. ज्यांना सांगायची त्या तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

नात आली होती सुट्टीत, पुण्याहून. मुलीची मुलगी, तिथे नोकरी करते. येताना रेल्वेत टाकून स्वतःची सायकल घेऊन आली. सायकल म्हणजे नुसता सांगाडा. मडगार्ड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही, मागे ब्रेकसुद्धा नाही. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो आणि ती गोल गोल फिरत होती. पाहता पाहता माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पाय थांबतच नव्हते. वळताना नाही, हळू होताना नाही. मी विचारलं, "हिचं फ्रायव्हील जाम झालं आहे का गं?" तर ती खो खो हसली. "आजोबा, तुम्हाला फ्रायव्हील माहितीये? हिला नसतंच. फिक्सी म्हणतात हिला. चाक फिरलं की पेडल फिरणार, पेडल थांबलं की चाक थांबणार. आता हीच फॅशन आहे." मी म्हटलं, "आमच्या धानोऱ्याच्या लोहारानं ही फॅशन साठ वर्षांपूर्वी केली होती." तिला ती थट्टा वाटली. पुन्हा एकदा ती माझ्या खुर्चीजवळून गेली तेव्हा, लहानपणी तिला शिकवताना धरायचो तसं, मी सहज मागून सीटला हात लावला. धरलंही नव्हतं नीट. ती वळून न बघता ओरडली, "आजोबा, सोडा, पडेन ना!" मी विचारलं, "तुले कसं समजलं?" ती म्हणाली, "पायांना कळतं. फिक्सीवर मागून कोणी बोट लावलं तरी पायात येतं. ढकलतंय की ओढतंय, तेसुद्धा."

मी आत जाऊन पाणी प्यायलो. ती विचारत राहिली, काय झालं, उन्हाचं झालं का. मी हो म्हणालो.

तुमची सायकल तुमच्या भावाची होती, दांडीची, गड्यामाणसाची. धानोऱ्याहून आमचं गाव फार दूर नव्हतं, पण मध्ये पहाडी होती, आणि पहाडीच्या पलीकडे एका खोलीची आमची शाळा. पहिल्या पावसाळ्यातच तुमच्या सायकलीच्या मागच्या चाकाचं फ्रायव्हील सुटलं. पायडल मारलं की नुसतं गरगरायचं, चाकाला पकड नाही. नवीन भाग चांद्याहून मागवायचा, तो येईल तेव्हा येईल. तोवर म्हणून लोहारानं त्यात पितळ ओतून ते कायमचं जाम करून दिलं. हे आम्हाला तुम्हीच वर्गात सांगितलं होतं, शब्दाला शब्द. लोहार म्हणाला, "बाई, आता पाय थांबवता येनार नाई." तुम्ही म्हणालात, "पहाडीवर कोन थांबते भाऊ." नवा भाग पुढे आला, तरी तुम्ही तो बसवला नाही. उतारावर ओल्या रिमवर ब्रेक धरत नसे, आणि जाम केलेल्या चाकाला मात्र पायांनी आवरता येई. चढावरही त्याचा गुण होता. पायडल वर येऊन अडतं तिथून चाकच पाय पुढे ओढून नेतं. नातीनं मला हे फार मोठा शोध असल्यासारखं समजावून सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणायच्या, "मी नाई चढत पोरांनो, चाक मले चढवते."

आम्ही पोरं पहाडीच्या माथ्यावर मोहाखाली जमायचो. तुम्ही दिसायच्या आधी ऐकू यायच्या. पांढऱ्या लुगड्याचा कासोटा घालून, पदर कमरेला खोचून, तुम्ही पाठ्यपुस्तकातली कविता म्हणत चढायच्या. पायथ्याला भुजंगप्रयात. लगागा लगागा, एका फेऱ्याला एक, चार फेऱ्यांत ओळ पूर्ण. चढ उभा झाला की तुम्ही वृत्त बदलायच्या. मोठ्या वळणावर, जिथे बांबूचं बेट रस्त्यावर वाकलेलं होतं, तिथे मंदाक्रांता लागायची. तिच्या सुरुवातीचे चार गुरू, गा, गा, गा, गा, एकेका पायडलावर एकेक, आणि प्रत्येकाच्या मध्ये एवढा श्वास की खाली दरीत एखादा पक्षी ओरडून जायचा. चौथा गुरू झाला की वळण संपायचं, थोडी सपाटी लागायची, आणि पुढची पाच लघू अक्षरं तुम्ही खडे उधळल्यासारखी भराभर टाकायच्या. आम्ही वरून टाळ्या वाजवायचो. वृत्तांची नावं मला पुढे कळली. कॉलेजात प्राध्यापकांनी फळ्यावर मंदाक्रांतेचे गण लिहिले तेव्हा माझे पाय बाकाखाली आपोआप हलायला लागले होते. शेजारचा म्हणाला, "काऊन बे, शिवणयंत्र चालवून राह्यला का?"

तुम्ही रागावलेलंही आठवतं. मला कविता पाठ होती, पण मध्येच दम लागला की मी थांबायचो आणि खिडकीबाहेर पाहायचो. एकदा तुम्ही डस्टर टेबलावर आपटलं. "काय पाहून राह्यला? तिथी लिहिली आहे का कविता?" वर्ग हसला. मग तुम्ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "थकला त हळू म्हन. पन मधी उतरू नको. मधी उतरला का पुन्हा चढता येत नाई." तुम्ही सायकलीचं बोलत होता हे मला कळलं होतं. त्या गाडीवर चढावर पाय टेकला की पुन्हा बसणं मुश्कीलच असे, दांडीची सायकल, लुगडं, आणि पायडल तर आपल्या मर्जीनं फिरणार नाही. म्हणून तुम्ही पायथ्याच्या मोठ्या दगडावरून बसायच्या, त्या थेट माथ्यावरच उतरायच्या. मी शिक्षक झाल्यावर हेच वाक्य पोरांना म्हणत आलो. कोणाचं आहे ते सांगितलं नाही.

तक्रार माझ्या बापानं केली होती. हे तुम्हाला माहीत होतं. तो पाटील नव्हता, पण गावात त्याचा शब्द चालायचा. त्याच्या अर्जात होतं की बाई मुख्यालयी राहत नाहीत, रोज उशिरा येतात, सायकल ढकलत येतात, गावाला मास्तर पाहिजे. उशीर खोटा होता. ढकलणंही खोटं होतं. अर्जात नव्हतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या घरानं बाबासाहेबांच्या मागोमाग धर्म बदलला त्याला थोडीच वर्षं झाली होती, आणि त्या समाजाची बाई खुर्चीवर बसून त्याच्या पोराला उभं करते, हे त्याला सोसत नव्हतं. तो दुष्ट नव्हता बाई. पीक बुडालं त्या साली त्यानं दोन घरांना वर्षाचा धान दिला आणि पुन्हा विचारलं नाही. पण तुमचं नाव निघालं की तो विडी विझवून उठायचा.

मग शाळा तपासायला साहेब आले, ब्लॉकच्या जीपमधून. मोठे हौशी गृहस्थ. त्यांनी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं, मुख्यालयी का राहत नाही. तुम्ही सांगितलं, धानोऱ्याला आई आहे, तिला दिसत नाही, आणि इथे खोली मिळत नाही. उशिराचं विचारलं तर म्हणालात, "मी चढावर उतरतच नाई साहेब, त उशीर कसा होईल?" साहेबांना त्याची गंमत वाटली. "उतरतच नाही? ही पहाडी? या सायकलवर?" पोरं ओरडली, "नाई उतरत जी, नाई उतरत!" साहेब म्हणाले, "ठीक आहे. उद्या सकाळी आम्ही माथ्यावर उभे राहतो. पाय न टेकता वर आलात तर मुख्यालयाची सूट मी लिहून देतो. टेकला तर गावात राहायचं, नाहीतर दुसरी शाळा. मंजूर?" बाप लगेच म्हणाला, "मंजूर साहेब." तुम्हाला विचारलेल्याचं उत्तर त्यानं दिलं. तुम्ही त्याच्याकडे पाहून म्हणालात, "मंजूर."

गाव खूश, पोरं खूश. एकटा मी नाही. रोज येऊन परत जाणाऱ्या तुम्ही मला नकोच होतात. मला तुम्ही गावात पाहिजे होतात, आमच्या घरी. आमच्या घराची एक खोली रिकामी होती, आत्या लग्न होऊन गेली तेव्हापासून. तिला एक खिडकी होती, आणि खिडकीतून पहाडी दिसायची. कार्तिकात तुम्ही पावसात सापडून आमच्या ओसरीवर थांबला होता, तेव्हा आई म्हणाली होती, "रोज रोज कुठी जाता बाई एवढ्या लांब, इथीच राहत जा ना." बायका बोलतात तसं ती बोलली. मी ते खरं धरलं. तुमच्यापाशी खूप कविता होत्या आणि शाळा पाच वाजता सुटायची. तुम्ही त्या खोलीत राहिलात तर जेवल्यावर, अंगणात, दिवा लागेपर्यंत कविता ऐकता येतील, एवढंच माझ्या डोक्यात. तुम्ही पाय न टेकता वर आलात तर रोज परत जाल. टेकलात तर राहाल. साहेबांनीच सांगितलं होतं की. दहा वर्षांच्या पोराला त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग ऐकू आला नाही.

सकाळी सगळे माथ्यावर. साहेब, जीप, बाप, गावातली दहा-वीस माणसं, शाळेची सगळी पोरं. मी परसाकडे जाऊन येतो म्हणून निघालो आणि पायवाटेनं उतरून वळणावरच्या बांबूत जाऊन बसलो. पानांवर दव होतं. तुमचा आवाज खालून येत होता. त्या दिवशी तुम्ही मोठ्यानं म्हणत होता, वर ऐकू जावं म्हणून असेल. भुजंगप्रयात संपलं. चाकाखाली मुरूम करकरला. मग पहिला गा आला. तुम्ही माझ्यासमोरून गेलात, कपाळ घामानं भिजलेलं, डोळे रस्त्यावर. दुसरा गा. मी अनवाणी होतो, आवाज झाला नाही. तिसऱ्या गुरूला मी दोन्ही हातांनी मागून कॅरिअर धरलं आणि पाय रोवून ओढलं. कॅरिअरवर तुमच्या डब्याची पिशवी होती, तिला वांग्याच्या भाजीचा वास येत होता. सायकल एकदा थरथरली, चाक वाकडं झालं, आणि तुमचा डावा पाय मातीवर आला. चौथा गा झाला नाही.

मी बांबूत शिरलो, हाताला ओरखडे उठले. तुम्ही तशाच उभ्या होता. मला वाटलं, आता वळतील. तुम्ही खाली आपल्या टेकलेल्या पायाकडे पाहिलं. मग हँडल धरून सायकल ढकलत चालू लागलात. मी आडवाटेनं धावत माथ्यावर आलो आणि पोरांच्या मागे उभा राहिलो. धाप लागली होती. तुम्ही आलात. साहेब खरोखर हिरमुसले. "काय बाई, उतरावं लागलं?"

"हो साहेब. पाय घसरला."

"कुठे?"

"वळनावर."

"मी म्हनलो होतो ना साहेब," बाप म्हणाला, "बाईमानसानं कितीक करावं."

साहेबांनी त्याच्याकडेच मोर्चा वळवला. "मग तुम्हीच एखादी खोली पाहून द्या ना बाईंना. आठ दिवसांत राहायला आल्या पाहिजेत."

"पाहू ना साहेब. गाव काही लहान नाई."

तुम्ही आमच्याकडे पाहिलंत, हजेरीच्या वेळी पाहायच्या तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्यापाशी तुमची नजर थांबली नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. बांबूची एखादी फांदी कॅरिअरला अडकली असं तुम्हाला वाटलं असणार, हेही मीच ठरवलं होतं. सगळी पोरं माथ्यावर आधीपासून उभी होती. एकटा मी धापा टाकत होतो, एकट्याच्या हातावर ताजे ओरखडे होते. आणि पायांना तर कळतंच, ढकलतंय की ओढतंय ते. नातीनं सांगितलं म्हणून आता माहीत झालं. हे सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो. ओढलं ते मी.

धान नुकता घरात आलेला होता. तुम्ही शाळा सुटल्यावर एकेका घरी खोली विचारत फिरत होता आणि मी मागून दप्तर घेऊन येत होतो. तुमच्या समाजाची गावात दोनच घरं, एकेका खोलीची, त्यात त्यांचीच माणसं मावत नव्हती. बाकी गावात कोणी नाही म्हणालं नाही. पहिल्या घरी, "देलीच असती बाई, पन धान भरला ना खोलीत." दुसऱ्या घरी लेक बाळंतपणाला यायची होती. तिसऱ्या घरी पुन्हा धान. शाळेतच झोपू का, असं तुम्ही विचारलंत, तर शाळेला दार नव्हतं. मला काळजी नव्हती. मी वाट पाहत होतो तुम्ही आमच्याकडे कधी विचारता याची. तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात. आईनं चहा दिला. तो कप नंतर गोठ्याच्या कोनाड्यात राहिला. तुम्ही म्हणालात, "भाऊ, आईले घेऊन येते. दोघीच राहू. काही तरास होनार नाई." आईनं बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "उद्या पाहून सांगतो बाई."

दुसऱ्या दिवशी मी अंधुकातच उठून ती खोली झाडली. कोळिष्टकं काढली, शेण कालवून जमीन सारवली, खिडकी पुसली. आई म्हणाली, "काऊन झाडून राह्यला रे?" मी म्हटलं, "बाई येनार आहे ना." ती चुलीकडे गेली. तासाभरानं गडी आले. बापानं ढोलीतला, म्हणजे कणगीतला, धान पोत्यांत भरायला लावला होता. ढोली अर्धी रिकामी झाली आणि सारवलेली खोली भरली. जमीन ओली होती, पोत्यांखाली चिखल झाला. छपरापर्यंत थप्प्या लागल्या, खिडकी झाकली गेली. संध्याकाळी तुम्ही आलात, दारातून आत पाहिलंत. बाप म्हणाला, "पाहा बाई, जागाच नाई." नव्या धानाचा वास सुटला होता. तुम्ही म्हणालात, "बरं भाऊ."

आठव्या दिवशी तुमची बदली झाली, पार भामरागडच्या बाजूला. आईला धानोऱ्यात शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून गेलात, असं ऐकलं. शाळा पुढच्या वर्षापर्यंत बंद राहिली. आमच्या वर्गातल्या चौघांनी त्या काळात गुरं धरली ती धरलीच. त्यांत एक मुलगी होती, तिला माझ्यापेक्षा जास्त कविता पाठ होत्या. मागे गावी गेलो तेव्हा ती बाजारात चारोळी घेऊन बसली होती. ओळखलं तिनं. म्हणाली, "गुरुजी झाला म्हने तू. मी असती त बाई झाली असती," आणि हसली. तिच्याकडून दोन पाव चारोळी घेतली. घरी कोणाला नको होती.

जाताना तुम्ही मला एक वही दिली. शाईनं लिहिलेल्या कविता, प्रत्येकीच्या डोक्यावर वृत्ताचं नाव. सगळ्या वर्गातून मलाच. मी तेव्हा ते बक्षीस समजलो. पुढे नोकरीत त्याच वहीवर मी शिकवलं, पोरं टाळ्या वाजवायची. आता ती वही हातात घेतली की ती तुम्ही मला काय म्हणून दिली असेल, हे मला सुचत नाही. क्षमा म्हणावं तर तसं काही तुम्ही बोलला नव्हता. शिक्षा म्हणावं तर इतकी सुंदर कोण देतं. सारखा उलटून पाहतो. कुठे काही लिहिलेलं नाही, कवितांखेरीज.

तुम्हाला मी एकदा पाहिलंही होतं. चंद्रपूरला शिक्षकांचं शिबिर होतं, तुम्ही निवृत्तीला आल्या होता, पुढच्या रांगेत बसलेल्या. केस पिकले होते, मान तशीच ताठ. मी मागून चौथ्या रांगेत. चहाच्या सुट्टीत तुमच्यापर्यंत दहा पावलं होती. मी वर्गातल्या पोरांसारखा खिडकीबाहेर पाहत राहिलो. चहा संपला. नंतर काही वर्षांनी पेन्शनच्या रांगेत कोणी तरी म्हणालं, त्या सायकलवाल्या बाई गेल्या. मी म्हटलं, हो का.

नातीला पहाडी पाहायची होती. सायकल भाच्याच्या जीपमध्ये टाकून आम्ही गेलो. आता डांबरी रस्ता आहे, वळण कापून रुंद केलं आहे, बांबू नाही, माथ्यावर टॉवर आहे आणि चहाची टपरी. मी टपरीवर बसलो, ती खालून आली. आली खरी न उतरता, पण लाल झाली होती, बोलता येत नव्हतं. सायकल आडवी टाकून जमिनीवर बसली. "आजोबा, त्या रोज यायच्या? या चढावर? साडी नेसून?" मी म्हटलं, "लुगडं. कासोटा घालून." साहेबांची पैज तिला मी आदल्या दिवशी अर्धी सांगितली होती. ती म्हणाली, "मग त्या दिवशी काय झालं? आल्या ना वर? पाय न टेकता?"

टपरीवाला चहा गाळत होता. भाचा मोबाईल पाहत होता. सांगायला एवढी मोकळी जागा आणि एवढा मोकळा वेळ मला पुन्हा मिळायचा नाही, हे मला तिथेच कळत होतं. मी म्हटलं, "हो. आल्या की."

तिनं तिथेच तुमच्याबद्दल मोबाईलवर लिहिलं, आपल्या सायकलीच्या फोटोखाली. खूप लोकांनी वाचलं म्हणे. कुठल्या कुठल्या मुलींनी लिहिलं की त्या बाईंना नमस्कार. मला वाचून दाखवलं. काल तिचा फोन आला. कोणीतरी तिला विचारलं होतं, ते तिनं मला विचारलं. "आजोबा, पण मग सूट मिळाली असेल ना त्यांना? मग त्या शाळा सोडून गेल्या का?" मी म्हणालो, "बदली झाली बेटा. सरकारी नोकरीत होतात बदल्या." ती म्हणाली, "ओह, हो का," आणि मग माझ्या गुडघ्यांचं विचारलं.

तिला फोन करून खरं सांगावं, असं सकाळपासून दोनदा मनात आलं. मग हेच लिहायला घेतलं. हे कुठे टाकायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, म्हणून हात चालला. तिच्यासमोर चालला नसता. तिच्यासमोर ओढणारा हात सांगता येईलही एक वेळ, पोरपणा म्हणून ती हसेलसुद्धा. खोलीचं सांगता येणार नाही. बापानं भरली, असं मी आजपर्यंत स्वतःलाही सांगत आलो, आणि वर तेवढंच लिहून पुढे गेलो.

गडी पोती आणत होते तेव्हा त्या खोलीचं दार सारखं मिटत होतं. बापानं मला हाक मारली. रागावला नव्हता, सहज म्हणाला, "दार धर." हातातला खराटा मी बाजूला ठेवला आणि शेवटचं पोतं आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिलो, बाई.